भावाला गेलेली बावीस पत्रे

मी एक जुना टाइपरायटर आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या वाचनालयात दाराजवळच्या टेबलावर मला ठेवले आहे आणि मधल्या सुट्टीत तुम्ही ज्याच्या कळा बडवून पळता, तो मीच. खुशाल बडवा, माझी तक्रार नाही. फक्त एकदा माझी हकीकत ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका कारागिराने माझे एकेक अक्षर ठोकून सरळ केले. सगळी अक्षरे एका ओळीत उमटू लागली तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेजारच्याला म्हणाला, "हा कधी चुकायचा नाही." त्या शाबासकीने मी फुशारलो. टाइपरायटर चुकत नाही, म्हणजे त्याला जे सांगाल ते तो निमूटपणे छापतो, एवढाच त्याचा अर्थ, हे मला पुढे कळले.

माझी रवानगी मनोरुग्णालयाच्या कचेरीत झाली. लांबट खोली, गजांच्या दोन खिडक्या, फायलींची कपाटे आणि माझ्यासमोर एक लाकडी बाक. रुग्णाला घेऊन आलेले लोक त्या बाकावर बसत आणि कारकून त्यांची माहिती माझ्यावर दोन बोटांनी टाइप करी.

दुसऱ्याच वर्षी एक भाऊ आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन आला. ती चोवीस वर्षांची होती आणि एका कंपनीत टायपिस्टचे काम करत होती. बाकावर बसल्याबसल्या तिचे लक्ष कारकुनाच्या बोटांकडे गेले.

भाऊ सांगत होता, "झोपत नाही. जेवत नाही. घरच्यांवर ओरडते."

"आणखी काही?" कारकुनाने विचारले.

भाऊ खिडकीकडे बघत म्हणाला, "आमची दोन वर्षांची मुलगी आहे. तिला ही स्वतःची मुलगी समजते. दिवसभर तिच्या मागे लागते, मला आई म्हण, आई म्हण."

कारकुनाने टाइप केले, 'भावाची मुलगी आपली आहे, असा भ्रम.' ओळ संपली आणि माझी घंटी वाजली.

"दादा, असं नको ना करू," ती म्हणाली. "घरी चल. मी नाही काही म्हणणार तिला."

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे," भाऊ म्हणाला. त्याने सही केली, रुमालाने कपाळ पुसले आणि तो निघून गेला.

पंधरा दिवस गेले. वर्ष गेले. कारकुनाची बदली झाली आणि त्याच्या जागी कोणी येईना. तेव्हा मोठ्या डॉक्टरांना कोणीतरी सांगितले, की वॉर्डातल्या एका बाईला टाइपिंग येते. अशी ती माझ्यासमोर येऊन बसली. तिने आधी ब्रशने माझ्या अक्षरांतला मळ काढला, तेलाचे दोन थेंब सोडले, रिबन बदलली आणि मग दहाही बोटांनी काम सुरू केले. इतकी चांगली बोटे मला त्याआधी लाभली नव्हती आणि नंतरही नाहीत. मोठे डॉक्टर पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "आमच्या या बाईंच्या कागदात एक चूक सापडणार नाही." पाहुणे तिच्याकडे बघून मान हलवत. पाच वाजता परिचारिका येई आणि तिला वॉर्डात नेऊन कडी लावी.

तिसऱ्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी तिला एक पत्र सांगितले. ते तिच्याच भावाला होते. 'रुग्ण आता पूर्ण बरी आहे. तरी आपण येऊन तिला घरी घेऊन जावे.'

तिने ते टाइप केले आणि विचारले, "साहेब, यातलं 'आता' काढू का? 'पूर्ण बरी आहे' एवढं पुरेल."

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. त्यांना काही कळले नव्हते. तिने राहू दिले.

दर वर्षी असे एक पत्र जाई. भावाचे उत्तर टपालाने येई आणि कचेरीचे टपाल तीच फोडत असे. पहिल्या उत्तरात लिहिले होते, 'मुलीला यंदा शाळेत घातले आहे, त्या गडबडीत जमणार नाही.' ती ते उभ्याने वाचत राहिली. मग खाली बसून पुन्हा वाचले. शाळेत घातले आहे. पुढच्या वर्षी, 'मुलीला गोवर झाला होता.' मग एकदा, 'मुलगी अभ्यासात हुशार आहे, तिच्या मनावर परिणाम नको.' त्यानंतर, 'मुलगी दहावीला आहे.' तिच्या लेकीची बातमी तिला एवढीच मिळायची, आणि तीही नकारातून. उत्तर वाचून झाले की ती भोक पाडून ते फाइलला लावी आणि पुढचे काम माझ्यावर चढवी.

दहावीनंतर उत्तरे येणे बंद झाले. पत्रे जातच राहिली. सुरुवातीला ते पत्र टाइप करताना तिची बोटे थंड पडत. नंतर तसे काही होईना. चादरींची मागणी, पाण्याच्या टाकीची तक्रार आणि ते पत्र, सगळे एकाच ठोक्यात उमटू लागले. तिचे केस पांढरे झाले. माझाही एक 'र' झिजला.

बावीस पत्रे गेल्यावर मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि नव्या डॉक्टरबाई आल्या. त्या एकेक फाइल पहिल्या पानापासून वाचत. एक दिवस त्या तिची फाइल घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या.

"या मुलीबद्दल काय ते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

तिने सपाट आवाजात सांगितले. मुलगी तिचीच होती. लग्न झाले नव्हते आणि ज्याने वचन दिले होते, तो गाव सोडून गेला होता. दादाला आणि वहिनीला मूल नव्हते. वहिनीचीच मुलगी असे लोकांना सांगायचे ठरले आणि तीही कबूल झाली. पण मुलगी बोलायला लागली, तिला आत्या म्हणू लागली, आणि ते तिला सोसवेना.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेच तर आजार म्हणून लिहिलंय."

डॉक्टरबाईंनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "नवं पत्र घ्या. भावाच्या नावाने नको. 'घरातील सर्वांस' असं लिहा."

भाऊ वर्षभरापूर्वीच वारला होता. ते पत्र त्या मुलीच्याच हाती पडले. ती सत्तावीस वर्षांची झाली होती, औषधांच्या दुकानात काम करत होती. दुकानातूनच परस्पर ती कचेरीत आली.

"माझी आत्या मी लहान असतानाच तापाने गेली," ती म्हणाली. "तुमची काहीतरी गफलत झाली असेल."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बोट केले. "त्या टाइप करताहेत, त्याच तुमच्या आत्या."

मुलीने फाइल वाचली. भ्रमाच्या ओळीवर तिचे बोट थांबले. फाइल टेबलावर ठेवून ती निघून गेली. आठवड्याने परत आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"मी घरी आईला विचारलं. आधी नाही नाही म्हणत राहिली. मग खालीच बसली. म्हणाली, घेऊन ये तिला." मग मुलीने विचारले, "मी तुम्हाला काय म्हणू?"

"काहीही म्हण," ती म्हणाली. "मला सवय नाही कशाचीच."

मुलगी रडू लागली. ती स्वतः मात्र रडली नाही. "एवढं पान संपवते," म्हणाली. तिने पान पूर्ण केले, कार्बन वेगळा केला, माझ्यावर कव्हर घातले. दार उघडेच होते. उंबरठ्याशी जाऊन ती उभी राहिली. मुलीला वाटले, तिचा पाय निघत नसेल. पण ती परवानगीची वाट बघत होती. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "जा." मग ती गेली.

दोन महिन्यांनी तिचे पत्र आले, हाताने लिहिलेले. डॉक्टरबाईंनी ते कचेरीत वाचून दाखवले. 'मुलीने तिच्या घराजवळ खोली घेऊन दिली आहे. रविवारी ती येते. काय बोलावे ते दोघींनाही सुचत नाही, मग आम्ही भाजी निवडतो. वहिनी एकदा दारापर्यंत आली होती. मी तिला पाणी दिले. पाच वाजले की मी अजून खोलीत जाऊन बसते.'

पुढे कचेरीत कॉम्प्युटर आला आणि मी आठ वर्षे कपाटावर धूळ खात पडलो. डॉक्टरबाईंनीच मला तुमच्या शाळेला दिले.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. पण छापलेल्या अक्षराला लगेच मान डोलावू नका. ते कोणी सांगितले आणि कोणाला बोलू दिले नाही, ते विचारा. आणि एखादीचे नाव निघाले की तुमच्या घरातली मोठी माणसे गप्प होत असतील, तर तुम्ही गप्प बसू नका. ती कुठे आहे, असे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.