तोरणामागची तिरपी पट्टी

मी एक जुनी लोखंडी घोडी आहे, मित्रांनो. खिंकाळणारी नव्हे! कागदावर माझे नाव गॅन्ट्री. दोन बाजूंना पाय, वर लांब तुळई आणि तुळईवर सरकणारी कप्पी. विहिरीच्या दोन्ही काठांवर पाय रोवून मी उभी राहायचे आणि खालचा दगड-मुरूम टोपल्यातून वर आणायचे. आज मी लातूरच्या एका बंद कारखान्यामागे गवतात पडून आहे. शेळ्या अंग घासून जातात, तेवढीच माझी विचारपूस.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. विहिरी आटल्या होत्या आणि जो तो त्या खोल करण्याच्या मागे लागला होता. कारखान्याचे मालक वीरण्णा यांनी माझ्या आधी एक घोडी बांधली होती, जाडजूड गर्डरची. चार बैलजोड्या लावल्या तरी ती कशीबशी सरके. त्या वर्षी बैलांच्या पोटात चारा तरी कुठला? लोह्याकडच्या एका शिवारात देवणी जातीचा एक बैल तिच्यापुढे गुडघे टेकून बसला, तो पुन्हा उठलाच नाही. वीरण्णा दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी पातळ लोखंडाची दुसरी बांधली, तर ती वाऱ्यानेही डुले. टोपले भिंतीवर आपटून दगड खालच्या माणसांवर पडू लागले. जड केली तर बैल मरतो, हलकी केली तर माणूस! आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी वीरण्णांची गत झाली.

उत्तर मिळाले ते घरातल्या बाजेपाशी. जुनी बाज बसताच एका अंगाला कलायची. वीरण्णांच्या पत्नी गुरम्मा यांनी तिच्या पायांना फुलीसारख्या दोन तिरप्या दोऱ्या ताणून बांधल्या आणि बाज ताठ उभी राहिली.

"अवं, लोखंड कशाला वाढवून राहिलाव? तिरपं बांधा की," त्या म्हणाल्या.

वीरण्णांनी खडू घेतला आणि सगळी फरशी त्रिकोणांनी भरून टाकली. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही, एवढेच ते गणित. माझी तुळई बारीक पट्ट्यांची जाळी झाली. पाय तुळईला मिळतात त्या चारही कोपऱ्यांत एकेक तिरपी पट्टी बसली. एका बैलजोडीने मी कंधारपर्यंत गेले आणि भरले टोपले उचलताना बोटभरही हलले नाही. तेव्हा मला माझा फार गर्व वाटला, खोटे कशाला सांगू?

माझ्याखाली विहिरीत उतरायचा तो मारोती, खोदणाऱ्यांचा म्होरक्या. त्याची एक रीत होती. उतरण्याआधी तो हातात पाना घेऊन माझी एकेक पट्टी वाजवायचा. खणखणीत आवाज आला तरच दोर धरायचा. त्याची बायको नागुबाई काठावर मुरूम वाहायची. ती वीरण्णांना म्हणायची, "अण्णा, माजा माणूस तुमच्या लोखंडाखाली हाय. ध्यान ऱ्हाऊ द्या." वीरण्णा हसून मान डोलवायचे. दहा वर्षे मी मारोतीला सुखरूप वर पाठवले.

मग लातूर जिल्हा झाला. काय तो आनंद! आम्ही तेव्हा रस्त्याकाठच्या एका गावात विहीर खोदत होतो. गावातल्या हौशी मंडळींना कमान हवी होती. मला ओढत नेऊन रस्त्यावर उभे केले, आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे जाडजूड तोरण चढवले, मध्ये पाटी लावली. पण कोपऱ्यातल्या तिरप्या पट्टीने पाटीचे पहिले अक्षर झाकले जात होते.

"अण्णा, ही पट्टी काय कामाची हाय? एका दिसासाठी काढा की," मंडळी म्हणाली.

ज्यांनी ती पट्टी शोधून काढली, त्यांनीच ती कापली. आनंदात माणूस आपले शहाणपण विसरतो. दुसऱ्या दिवशी वीरण्णा ती जोडायला बसले. दोन्ही टोकांना वेल्डिंगचा नुसता एकेक टाका मारून झाला आणि वीज गेली. ती काही लवकर येईना. विहिरीत पाण्याचा पाझर लागला होता आणि सगळे घाईला आले होते. जोड अर्धवट ठेवूनच मला पुन्हा काठावर नेले. तोरण मात्र तसेच राहिले. शुभाचे तोरण हाताने उतरवायचे नाही, सुकून आपोआप गळू द्यायचे, अशी तिथली समजूत.

मारोतीने पाना घेतला. खण, खण, खण. कोपऱ्यातली पट्टी मात्र बद्द वाजली. त्याने पुन्हा वाजवली आणि वीरण्णांकडे पाहिले.

"अण्णा, ही बोलंना."

"तोरणानं आवाज दबून राहिला रे. उतर, आजच्या दिवस चालतंय," वीरण्णा म्हणाले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. मारोती दोर धरून उतरला. तिसरे टोपले वर येताना टाका तुटला, माझा पाय कलला आणि दगडांनी भरलेले टोपले खाली गेले. खाली मारोती होता. नागुबाईची ती हाक आजही माझ्या लोखंडात आहे.

मला कारखान्यात परत आणले होते; तेराव्यानंतर नागुबाई तिथे आली. वीरण्णा मान खाली घालून बसले होते. तिने मारोतीचा पाना उचलला आणि त्याच्यासारखीच माझी एकेक पट्टी वाजवत गेली. कोपऱ्यात, तुटलेल्या टाक्यापाशी ती थांबली.

"त्याचे कान खरे व्हते, अण्णा," ती म्हणाली. "त्यानं तुमचं ऐकलं."

ती रडली नाही. पाना खाली ठेवून निघून गेली. वीरण्णांनी त्यानंतर मला कधी उभे केले नाही, विकलेही नाही. ते गेले, कारखाना बंद झाला आणि मी इथेच राहिले.

मित्रांनो, माझे आता थोडेच दिवस उरले आहेत. एवढेच मागते. जी पट्टी बिनकामाची दिसते, ती काय धरून आहे हे विचारल्याशिवाय कापू नका. आणि कुणी वाजवून पाहिले, आवाज बद्द आला म्हणाले, तर त्याला खाली उतरवण्याआधी तोरण काढून बघा.