सूचनापेटीच्या पोटातली एकच चिठ्ठी

मी एक सूचनापेटी. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात, हजेरीच्या घड्याळाशेजारी लटकते. शहाण्णव साली आमचे मॅनेजर बापूसाहेब पुण्याहून 'सतत सुधारणा' शिकून आले आणि तिसऱ्या दिवशी माझा जन्म झाला. पत्रा कारखान्यातलाच, रंग पोपटी. छातीवर लिहिलं, 'तुमची सूचना, आमची प्रगती', आणि लगेच कुलूप लावलं.

पहिली चिठ्ठी सारजाबाईंची. त्या दुधाचे कॅन धुवायच्या. फिटर जोतीरामकडून त्यांनी लिहून घेतलं होतं, 'कॅन धुतो तितं फरशीचा उतार उलटा हाय. पाणी गटारीला न जाता आमच्या पायाखाली येतं. कोणतरी पडंल.' बाईंची निम्मी हयात उसाला पाण्याची दारं धरण्यात गेलेली. पाणी कुठं वळतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

बापूसाहेब दर शनिवारी मला उघडत, चिठ्ठ्या मोजत आणि आकडा फळ्यावर लिहीत. वाचायचं काम कमिटीचं होतं. कमिटी अजून नेमायची होती. बाकीच्यांनी लवकरच नाद सोडला. सारजाबाई मात्र दर आठवड्याला तीच चिठ्ठी टाकत राहिल्या. वर्षअखेरीस 'सर्वाधिक सूचना' म्हणून त्यांना स्टीलचा डबा मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फार लाज वाटली.

त्याच आठवड्यात त्यांच्या जोडीची फुलाबाई तिथंच घसरली. मनगट मोडलं.

पाळी सुटल्यावर सारजाबाई जोतीरामला म्हणाल्या, "छन्नी आण. शेतात दारं मोडतो, तसं हितं मोडू." दोघांनी फरशीत बोटभर खोल चर काढला. पाणी निमूट गटारीला लागलं. चिठ्ठी बंद झाली.

फळ्यावर शून्य आलं. पुढच्या आठवड्यात तपासणीला पाहुणे यायचे होते. बापूसाहेब धावतच कॅनपाशी गेले.

"सारजाबाई, सूचना का थांबल्या?"

"पाणी वाटंला लागलं, सायेब. आता सांगायचं काय ऱ्हायलं न्हाय."

बापूसाहेबांनी चर पाहिला. तो नकाशात नव्हता. संध्याकाळपर्यंत सिमेंट भरून बुजवला.

शनिवारी माझ्या पोटात एक चिठ्ठी होती. अक्षर जोतीरामचं. बापूसाहेबांनी ती न उलगडता परत माझ्या पोटात टाकली, फळ्यावर 'एक' लिहिलं आणि समाधानानं म्हणाले, "चला, सुधारणा पुन्हा सुरू झाली."

मला हात नाहीत, नाहीतर मीच ती वाचून दाखवली असती. तुम्ही कधी इकडं आलात, तर माझा रंग बघत बसू नका. आधी ती चिठ्ठी उलगडा. सारजाबाई अजून तिथंच कॅन धुताहेत, पायाचे अंगठे फरशीत रोवून.