बहुमताने संमत

शिवराजने मोबाईल टीपॉयवर ठेवला, तोही पालथा. हेमचंद्ररावांना ते आवडलं नाही. पालथा मोबाईल ऐकत असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून "काका, एकच गोष्ट विचारायचीय," असं शिवराज म्हणाला तेव्हा त्यांनी आधी उठून पंखा वाढवला. घरघरीत निदान आवाज तरी नीट टिपला जायला नको.

निवृत्तीनंतर घेतलेल्या छावणीतल्या त्या दोन खोल्यांत आमदाराने यावं असं काही नव्हतं. हेमचंद्रराव विधानसभेत प्रतिवेदक होते. म्हणजे सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसायचं आणि जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. माणूस आज एक बोलतो आणि उद्या येऊन सांगतो, मी असं बोललोच नव्हतो, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्यांचा कुणावरच भरवसा उरला नव्हता. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळे त्यांच्या लेखी संशयित. "ह्यांच्या हातावर साखर ठेवली तरी आधी मीठ आहे का बघतील," असं त्यांच्या पत्नी कालिंदीबाई आल्यागेल्याला सांगत.

शिवराज पाचोडचा, पहिल्यांदाच निवडून आलेला. त्याचे वडील तात्यासाहेबही आमदार होते, पण एकाच मुदतीचे. ते चार वर्षांपूर्वी वारले. शिवराजने पिशवीतून सभागृहाच्या जुन्या अहवालाची झेरॉक्स काढली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. हेमचंद्ररावांनी तो कागद न वाचताच ओळखला.

देशाच्या घटनेतले काही बदल दिल्लीला एकट्याने करता येत नाहीत. निम्म्या राज्यांच्या विधानसभांनी होकार द्यावा लागतो. दिल्लीला आडवं जायची राज्यांच्या हाती असलेली ती मोठी संधी. त्या वर्षी शेतमालाच्या बाजारांचा विषय राज्यांकडून काढून केंद्राकडे न्यायचा घाट होता, आणि त्या दुरुस्तीला होकार देणारा ठराव विधानसभेने सात मिनिटांत उरकला होता. विरोधक सभात्याग करून केव्हाच कॅन्टीनमध्ये बसले होते. पुढे पुरेशी राज्यं जमली नाहीत आणि दुरुस्ती बारगळली. आता तोच विषय पुन्हा आला होता. गुरुवारी मतदान होतं.

शिवराजने झेरॉक्सवर बोट ठेवलं. "हे बघा, 'ठराव बहुमताने संमत झाला.' विरोधक तर बाहेर होते. मग एकमताने का नाही? आतलंच कुणीतरी नाही म्हणलं असणार. ते आमचे तात्या होते ना?"

हेमचंद्ररावांनी चहा बशीत ओतला. शिवराज सांगत गेला. होकारच द्यायचा, असा पक्षाचा व्हीप निघाला होता. शिवराज मतविभागणी, म्हणजे नावानिशी मोजणी, मागणार होता आणि उघडपणे विरोधात मत देणार होता. मग आमदारकी जाणार, हे त्याला ठाऊक होतं. तात्यांचं तिकीट त्या एका 'नाही'पायी कापलं गेलं, असं गावात सगळे म्हणायचे. तात्यांनी मात्र कधी व्हय म्हटलं नाही की नाय म्हटलं नाही.

"आमदारकी गेली तर जाऊ द्या," तो म्हणाला. "तात्यांनी केलं तेच मी करतोय. फक्त ते खरं व्हतं, एवढं तुमच्या तोंडून पायजे. टेबलाशी तुम्ही होता."

आवाजी मतदानात नावं नोंदवत नाहीत, असं हेमचंद्ररावांनी त्याला सांगितलं. कागद बोलतो तेवढंच आम्ही बोलतो, असंही वर सांगितलं. शिवराज नमस्कार करून निघून गेला. तो गेल्यावर कालिंदीबाईंनी विचारलं, त्याने असं काय विचारलं, की तुम्ही चहा बशीत ओतलात आणि प्यायला विसरलात? हेमचंद्ररावांनी थंड चहा एका घोटात संपवला. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

ठराव आला त्या दिवशी अध्यक्षांनी नेहमीच्या सुरात म्हटलं होतं, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे." बाकांवरून 'होय'चा गलका झाला. "प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे." मग शांतता. ती रीतीचीच होती, अर्ध्या श्वासाची. हेमचंद्ररावांचे वडील मराठवाड्यातल्या सोयगावच्या बाजार समितीत कारकून होते. ठरावाचा मसुदा टंकलेखनाला जाण्याआधी तपासायला हेमचंद्ररावांकडे आला होता, आणि त्यांनी तो शब्दन् शब्द वाचला होता. सोयगावच्या आडतीतलं भांडण सोडवायला उद्या दिल्लीचं दार ठोठावावं लागेल, एवढं त्यांना त्यातून कळलं होतं. ती अर्ध्या श्वासाची शांतता त्यांना सोसली नाही. वर्षानुवर्षं मुंबईत राहून घोटलेली प्रमाण भाषा ऐन वेळी दगा देऊन गेली आणि तोंडातून स्पष्ट शब्द निघाला, "नाय."

अध्यक्षांनी मान वर केली. त्यांच्या जिभेवर आलेलं 'एकमताने' त्यांनी गिळलं आणि 'बहुमताने' म्हटलं. सगळ्यांच्या माना पुढच्या बाकाकडे वळल्या. एका मंत्र्याशी बोलायला म्हणून तात्यासाहेब पुढे येऊन बसले होते. टेबल तिथून दोन हातांवर. त्या बाकांवर 'नाय' म्हणणारा मराठवाड्याचा माणूस दुसरा कोण असणार? टेबलावरचा कर्मचारी सभागृहात बोलेल, हे कुणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं. बोलला असं कळलं असतं, तर त्याच दिवशी त्याची नोकरी गेली असती.

संध्याकाळी जिन्यात तात्यासाहेब समोरून आले. थांबले आणि म्हणाले, "हेमचंद्रराव, तुम्ही सोयगावचे ना?" हेमचंद्रराव कसेबसे 'हो' म्हणाले. तात्यासाहेबांनी मान डोलावली आणि ते खाली उतरून गेले. बस, एवढंच. पण त्या एका प्रश्नाने हेमचंद्ररावांची पुढची सव्वीस वर्षं नासली. ह्या माणसाला कळलंय. मग बोलत का नाही? कशासाठी राखून ठेवतोय? तात्यासाहेब वारल्याची बातमी आली तेव्हा त्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग स्वतःची शिसारी आली. ते पाचोडला भेटायला गेले नाहीत.

आता हे पोरगं आलं होतं. ते पक्षानेच पाठवलं असेल, हा पहिला संशय. बापाने मरताना सांगून ठेवलं असेल, हा दुसरा. पण तिसरी शक्यता या दोन्हींहून वाईट होती. पोरगं सरळ मनाने आलेलं असेल, आणि बापाच्या नसलेल्या शब्दावर आपली आमदारकी ओवाळून टाकणार असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसस्थानकावर गेले आणि पाचोडच्या गाडीत बसले. बाजाराचा दिवस होता, कोंबड्यांच्या डालग्यांपासून पाय आवरत ते उतरले. शिवराज ओसरीवरच बसला होता. त्याची आई द्वारकाबाई शेंगा फोडत होती. हेमचंद्ररावांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तो आवाज तात्यासाहेबांचा नव्हता," ते म्हणाले. "माझा होता."

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगताना ते घडाघडा, अहवाल वाचल्यासारखं बोलले, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

शिवराजचा चेहरा हळूहळू बदलला. "काल तर म्हणत होता, नावं नसतात," तो म्हणाला. "एका दिवसात तुम्हाला आवाज आठवला? कुणी पाठवलं तुम्हाला? गुरुवारी मी गप बसावं म्हणून आला ना?"

जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, आज पहिल्यांदाच खरं बोललो तर आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, याचं हेमचंद्ररावांना हसूही येईना. कुणी पाठवलं नाही, एवढंच ते दोनदा म्हणाले. पुरावा तर त्यांच्यापाशी काहीच नव्हता.

"खरं बोलतेत ते," द्वारकाबाई म्हणाली.

शिवराज तिच्याकडे वळला. तुला काय ठाऊक, असं त्याने विचारलं.

"तुझ्या बापानं सांगितलं व्हतं. त्याच सालात." तिने शेंगा बाजूला सारल्या. "म्या लई भांडले त्यांच्याशी. म्हणलं, तुम्ही बोलला नाय तर तसं सांगा पक्षाला. दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर कशाला? तर म्हणले, द्वारके, आम्ही सारे होय म्हणलो, मी बी म्हणलो. कुणी कागद उघडला नव्हता. त्या सबंध सभागृहात वाचलेला एकच माणूस व्हता, अन् नेमकं त्यालाच मत नव्हतं. म्हणून म्या माझं दिलं त्याला."

इतकी वर्षं ज्याला हेमचंद्रराव टाळत आले, त्याने त्यांच्याकडून काही मागण्यासाठी ते राखून ठेवलंच नव्हतं. साधं पायाला हात लावायलाही आता तो माणूस नव्हता. ते खाली बसले आणि द्वारकाबाईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"तुम्ही वाचलाय का नवा मसुदा?" त्यांनी शिवराजला विचारलं.

शिवराजने मान खाली घातली. वरवर चाळलाय, म्हणाला. मग तो आत गेला आणि मसुद्याची प्रत घेऊन आला. हेमचंद्ररावांच्या समोर बैठक मारून त्याने ती त्यांच्या मांडीवर ठेवली. "पहिल्यापासून सांगा, काका," तो म्हणाला. "मग ठरवतो काय म्हणायचं ते. पर माझं मी ठरवणार."

हेमचंद्ररावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला, परत पुसला. अक्षरं काही दिसेनात; पण हा मसुदाही त्यांनी छापून आल्या दिवशीच शब्दन् शब्द वाचला होता. मग त्यांनी कागद मिटून ठेवला आणि पहिलं कलम तोंडपाठच सांगायला सुरुवात केली.