फिरोजची आई

“मृणालिनी, शेवटचा सीन कॅन्सल कर यार! नऊला हॉल लॉक होतो, जेवणं व्हायचीत अजून,” मंडळाचा अध्यक्ष अतुल विंगेत येऊन कुजबुजला.

मृणालिनीच्या पायाखालची वाळूच सरकली. अरे, शेवटचा सीन म्हणजेच तर नाटक!

पाच वर्षं झाली तिला अमेरिकेत, एडिसनला येऊन. नागपुरात कॉलेजात इतिहास शिकवायची. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आली, काम करायला बंदी. घरात येरझाऱ्या घालून घालून जीव विटला, तेव्हा तिने हे नाटक लिहायला घेतलं. शेरशहाच्या सूर घराण्यावर. पंधरा वर्षांची काय ती बादशाही! हुमायूनला पळवून लावलं, सडका बांधल्या, आणि नातू फिरोज गादीवर बसतो न बसतो तोच सख्ख्या मामाने त्याचा जीव घेतला. बारा वर्षांचं पोर! आईने भावाचे पाय धरले, पदर पसरला. ती आई मृणालिनीने स्वतःकडे ठेवली होती.

पण मंडळाचं मेलं घड्याळ! चारचा कार्यक्रम साडेपाचला, मग दीपप्रज्वलन, मग देणगीदारांना शाली आणि प्रत्येकाचे ‘दोनच शब्द’. चाळीस मिनिटांचं नाटक पंचवीसवर आलं.

“अतुल, फक्त सहा मिनिटं दे रे.”

“अगं, लोक उठलेत ऑलरेडी. शेरशहा मस्त झाला की! बाकीचं पुढच्या वर्षी बघू.”

पडदा पडला. मृणालिनीला रडू आलं, मग संताप आला, मग पुन्हा रडू. त्यात वाढपाच्या यादीत तिचं नाव. भरजरी ओढणी कमरेला खोचून ती मसालेभाताच्या ट्रेमागे उभी राहिली.

रांगेत अतुलची मुलगी आन्या आली. गादीवर बसण्याच्या सीनपुरती ती फिरोज झाली होती, मुकुट अजून डोक्यावरच होता. मागे ताटली घेऊन अतुल.

“मावशी, सो डिड ही किल मी?”

“हो गं.”

“अँड यू? डिड यू ट्राय टू स्टॉप हिम?”

मृणालिनीने डाव खाली ठेवला. टेबलाला वळसा घालून ती पुढे आली, आन्याला तिने पोटाशी धरलं आणि अतुलकडे पाहिलं.

“दादा,” ती म्हणाली, “याला सोड. गादी घे, मुलूख घे. मी याला घेऊन इतकी लांब जाईन, की कुणी आमचं नावही घेणार नाही.”

मागून कुणी काका म्हणाले, “अहो, चला पुढे.” कुणीतरी त्यांना गप्प केलं.

मसालेभात निवला. रांग सहा मिनिटं हलली नाही.