ताईत नव्हे, बिल्ला

मी एक जुना बिल्ला आहे, मित्रांनो. शर्टाला लावून मिरवतात तसला नव्हे. म्हातारं माणूस पडलं, की त्याच्या मुलाच्या मोबाइलवर घंटी वाजवणारा. सध्या फुलसावंगीच्या एका घरात, टेबलाच्या खणात, सुया आणि तुटक्या बटणांमध्ये पडून आहे.

कारखान्यात मला एकच धडा पढवला गेला. माणूस जमिनीवर आदळलं, की हाक मारायची. आदळलं नाही, तर गप्प राहायचं. तेव्हा हा धडा मला फार सोपा वाटला होता.

पुण्यात नोकरी करणाऱ्या संघदीपने मला घेतलं आणि गावी एकट्या राहणाऱ्या आपल्या आईसाठी, सत्यशीलाबाईंसाठी आणलं. तो मला त्यांच्या गळ्यात घालू लागला, तर त्यांनी मान मागे घेतली.

"माह्या बापानं छप्पन सालात धम्मदीक्षा घेऊन गळ्यातले ताईत तोडून फेकले, अन् तू मले ताईत बांधून राह्यला?"

"ताईत नोहे हा, माय. ताईत मुका असते. तू पडली तं हा मले सांगते."

बऱ्याच रुसव्याफुगव्यानंतर मी गळ्याऐवजी त्यांच्या कमरेच्या बटव्यात बसलो.

एकदा त्यांनी ओट्यावर जोरात बसकण मारली आणि मी बोंब ठोकली. संघदीपने घाबरून शेजारच्या विमलताईंना फोन लावला. त्या कणकेच्या हातांनीच धावत आल्या, तर सत्यशीलाबाई खुशाल तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. दोघी हसून हसून बेजार झाल्या.

"इमानदार आहे बापा," म्हणत बाईंनी बटवा थोपटला. मी हरखून गेलो. आपल्यासारखे आपणच, असं मला वाटू लागलं.

पण इथेच घात झाला. विमलताई रोज सकाळी कुंपणापलीकडून "काकू, उठल्या का?" अशी हाक देत. ती हाक हळूहळू बंद पडली. "आता बिल्ला हाये नं," त्या म्हणत. संघदीपचा रोजचा फोनही आठवड्यावर गेला. सगळ्यांनी आपापली काळजी माझ्या गळ्यात घातली आणि मला त्याचा अभिमान वाटला.

त्या साली कापसाचा भाव असा पडला, की कुणी विकायला नेईना. पुढे चढेल या आशेवर तो घरोघरी साठला. सत्यशीलाबाईंची मधली खोलीही छातीएवढी भरली. एका सकाळी त्या ढिगाच्या कडेने फळीवरचा डबा काढायला गेल्या. त्यांना भोवळ आली आणि त्या पडल्या, पण कापसात. कापसाने त्यांना अलगद झेललं. धक्का बसला नाही, म्हणून घंटी वाजली नाही.

मला सगळं कळत होतं. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. "इमल, इमल" अशी त्यांची हाक कापसातच जिरत होती. चालत्या हाताने त्यांनी बटवा चाचपला आणि मला दाबून पाहिलं. मला बटणच नव्हतं. बाहेर विमलताई कोंबड्या हाकत होत्या, त्यांचा आवाज स्पष्ट येत होता, आणि मी गप्प होतो. किती तडफडलो, कुणाला सांगू.

संध्याकाळी विमलताई विरजण मागायला आल्या, तेव्हा सत्यशीलाबाई सापडल्या. जीव वाचला. लवकर आणलं असतं तर हातपायही वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

संघदीप आला. मला हातात धरून आईला विचारू लागला, "हा वाजला काहून नाही, माय?"

सत्यशीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाकड्या झालेल्या तोंडातून त्यांनी कसाबसा एकच शब्द काढला.

"ताईत."

मित्रांनो, माझे भाऊबंद तुमच्याही घरी येतील. त्यांना जरूर घ्या, पण ते आले म्हणून तुमची हाक थांबवू नका. विमलताई आता पुन्हा रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, "काकू, उठल्या का?"

काकूंना आता उठता येत नाही.