लाल शेवाळाची डबी

शेवटच्या साध्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी, वैभवीने रायपूरहून माहेरी, खुर्सीपारला व्हिडिओ कॉल लावला आणि नेहमीसारखी वडिलांवर खेकसली. "बाबा, फोन सरळ धरा. नुसता गाल दिसतोय."

"दिसते नं?" कृष्णराव खूश होऊन म्हणाले.

"अहो, चेहरा दाखवा!"

तो गाल तीस वर्षांपूर्वी पोलाद कारखान्यात, भट्टीवरच्या ठिणग्यांनी भाजून काळा, चिवट झाला होता. चार महिन्यांपूर्वी वैभवीने त्यासाठी लाल समुद्री शेवाळाच्या अर्काचं क्रीम आणलं. 'त्यासाठी' असं अर्थात ती बोलली नाही. "हिवाळा आहे, कातडी कोरडी पडते," एवढंच म्हणाली. आणि बाई वाचणारी, त्यामुळे हे शेवाळ कडक उन्हापासून स्वतःला कसं वाचवतं यावर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. वर सूचनांचा कागद लॅमिनेट करून दिला : वाटाण्याएवढं, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा.

"कूलरच्या टाकीतलं मी घासून फेकतो," कृष्णराव म्हणाले होते, "अन् तू विकत आणून राहिली! पाय घसरते त्याच्यावर. तोंड घसरलं तं?"

सोमवारी पहाटे ते झोपेतच गेले.

नवव्या दिवशी कपाट आवरताना क्रीमची डबी सापडली. बोट फिरवून फिरवून साफ केलेली. आईने टाचांना लावलं असणार, असं वैभवीने ठरवूनच टाकलं.

"मी कावून लावू?" आई म्हणाली. "तेच लावत. तुझा फोन यायच्या आधी दारातल्या उजेडात जाऊन बसत. म्हणत, पोरीले फरक दिसला पाह्यजे."

वैभवी पलंगावर बसली. डबीवरचा अकरावा घटकसुद्धा तिला पाठ होता. चार महिने डोळ्यांसमोर धरलेला गाल मात्र तिला वाचता आला नव्हता.

गाल भाजला तेव्हा ती सहावीत होती. पट्टी निघाल्यावर बाबा पहिल्यांदाच शाळेत आले, विसरलेला डबा द्यायला. "कौन हैं?" मैत्रिणीने विचारलं.

"पड़ोस के अंकल."

बाबा दोन पावलांवर होते. त्यांनी डबा हातात दिला, "लो बिटिया," म्हणाले आणि खरोखरच्या शेजाऱ्यासारखे निघून गेले. घरी त्यांनी विषय काढला नाही. तिनेही नाही. तीस वर्षांनी तिने माफीच्या जागी क्रीम आणलं, तेही एकावर एक फुकट. दुसरी डबी स्वतःला ठेवली.

संध्याकाळी ती तेरवीचा फोटो आणायला गेली. स्टुडिओवाल्या विक्कीने मोठ्या हौसेने फ्रेम पुढे केली. गाल गोरा, गुळगुळीत.

"दीदी, अंकल का दाग एकदम साफ कर दिया. किसी को पता नहीं चलेगा."

शेवाळाला चार महिन्यांत जमलं नाही ते यानं पाच मिनिटांत उरकलं होतं, व्याख्यानाशिवाय.

"वापस लगाइए," वैभवी म्हणाली.

"क्या, दाग?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हाँ, दाग. अंकल नहीं हैं ये. मेरे बाबा हैं."