पंपघरामागचं वर्तुळ

वर्तुळाचा व्यास सात फूट दोन इंच भरला. मातीवाल्या बाईंनी टेप धरून तो मोठ्यानं सांगितला आणि त्यांच्याबरोबर आलेल्या हवामानखात्यातल्या गृहस्थांनी वहीत लिहून घेतला. मी टिल्लीला कडेवर घेऊन दोरीच्या अलीकडे उभी होते. मला वाटत होतं सहाच फूट असेल.

रेषेवरचं गवत मुळापासून जळालं होतं. वीतभर रुंद काळपट पट्टा, आणि आतलं गवत पिवळं, दबलेलं. मधल्या भागात तीन खड्डे, प्रत्येक बोटभर खोल. यान ज्यांवर उभं राहिलं ते हे पाय, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. ते पाय माझ्या तिपाईचे होते. यानाचं वजन म्हणजे मी. आणि हे मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी टिल्लीला रोज थोडं सकाळचं ऊन द्यायला सांगितलं होतं. आमच्या दोन खोल्यांत ऊन येत नाही. इमारतीच्या मागे बंद पडलेलं पंपघर आहे, त्याच्या पाठीमागे नऊच्या सुमाराला छान ऊन पडतं आणि वारा लागत नाही. दोन महिने मी रोज तिला घेऊन तिथे जात होते. गोल प्लॅस्टिकची चटई, तिपाई, दुपटं, पाण्याची बाटली. पहिल्याच आठवड्यात तिच्या पोटरीला लाल मुंगी चावली. टिल्ली दहा मिनिटं रडली आणि विसरली. मी दुसऱ्या दिवशी बाटलीत फिनेल ओतलं, त्यात मूठभर मीठ आणि पाणी. चटई पसरायची, टिल्लीला डाव्या हातावर घ्यायचं, उजव्या हातानं चटईभोवती फिरत धार सोडायची आणि मगच तिला खाली ठेवायचं. रोज. रविवारीसुद्धा. त्यानंतर मुंगी आली नाही. म्हणजे उपाय लागू पडला, म्हणजे आता थांबवणं धोक्याचं. मी पदवीला तर्कशास्त्र घेतलं होतं. या तर्कात फट कुठे आहे ते मला स्वच्छ दिसत होतं, पण हात थांबत नव्हता.

मग टिल्लीला सर्दी झाली. चार दिवस आम्ही बाहेर पडलो नाही, आणि नेमकं त्याच दिवसांत घड्याळकाकांनी आकाशातून काहीतरी उतरताना पाहिलं.

घड्याळकाका तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. संध्याकाळी गॅलरीत बसले असताना त्यांना पांढरा, न लुकलुकणारा गोळा दिसला. तो हळूहळू खाली आला आणि पंपघराच्या मागे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत तिथे पोचले, तर समोर वर्तुळ. दुपारपर्यंत अख्खी इमारत तिथे होती, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले, आणि आठवड्याभरात ही दोघं: बाई विद्यापीठातून, गृहस्थ हवामानखात्यातून.

"सहा वाजून बावन्न मिनिटं," काका सांगत होते. "आणि वीस सेकंद."

"वीस सेकंद कशावरून?" बाईंनी विचारलं.

"मी तुम्हाला विचारतोय का, ही माती कशावरून?"

बाई हसल्या आणि वीस सेकंद लिहून घेतले. पन्नाशीच्या असतील. गुडघ्यांना कापडाच्या गाद्या बांधून त्या सरळ जमिनीवर बसत, लहान खुरप्यानं माती काढत, पिशवीत भरत, पिशवीवर आकडा टाकत. रेषेवरून चोवीस पिशव्या, आतून बारा. मग त्या दोरीबाहेर लांब गेल्या आणि तिथून सहा घेतल्या.

"तिथे तर काही झालंच नाही," आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणूनच. धड माणूस कसा दिसतो ते बघितल्याशिवाय आजारी कोण ते कसं कळणार?" मग कंबर धरून उठत त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं, "इथे रोजचं कोण येतं?"

उत्तर तळमजल्यावरच्या वहिनींनी दिलं. वहिनी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मामेबहिणीची सून. ही जागा आम्हाला त्यांच्याच ओळखीनं मिळाली.

"इथे? छे. चिटपाखरू फिरकत नाही. सकाळभर मी खिडकीतच असते की, मला दिसलं असतं." आणि माझ्याकडे वळून, "हो की नाही गं?"

मी मान हलवली.

पंपघराकडे जायला वहिनींच्या खिडकीवरूनच वाट आहे, दुसरी नाहीच. दोन महिने मी तिथून जात होते. काखेत गुंडाळलेली चटई, मनगटात अडकवलेली तिपाई, खांद्याला पिशवी, कडेवर टिल्ली. घर सोडून निघालेल्या बाईसारखी दिसत असेन. चटईचं टोक त्यांच्या खिडकीच्या गजांना लागून रोज खडखड व्हायची. येताना पुन्हा. वहिनी खोटं बोलत नव्हत्या. त्या खिडकीतच असायच्या.

दुपारी बाई घरोघर छापील कागद घेऊन आल्या. माझ्याकडे बसल्या तेव्हा शेगडीवर टिल्लीचे चमचे उकळत होते. मी तेच दुसऱ्यांदा उकळत होते. अकरावा प्रश्न होता: या जागेचा आपण नियमित वापर करता का? मी 'नाही' लिहिलं. अक्षर माझं वाटत नव्हतं.

"घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"आम्ही दोघी. हे जहाजावर असतात, इंजिनरूमला. आणखी दोन महिन्यांनी येतील."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर आम्ही दोघी."

त्यांनी कागदाची घडी घातली. आणखी काही विचारतील असं वाटलं, पण भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून त्या उठल्या. टिल्लीचं वजन मी त्यावर रोज लिहिते.

खरं का सांगितलं नाही, ते सांगते. टिल्ली चार महिन्यांची असताना मी एका आठवड्यात डॉक्टरांना अकरा वेळा फोन केला होता. दाराच्या कड्या, पलंगाचे पाय, माझे स्वतःचे हात, सगळं फिनेलनं पुसत होते. हातांची सालं निघाली. नवऱ्यानं व्हिडिओवर हात पाहिले आणि आईला सांगितलं. सासूबाई ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "टिल्लीला सहा महिने इकडे ठेवू. तूही जरा माणसात येशील." मी शपथ घेतली की सगळं बंद करीन. त्यांनी ऐकलं, पण अट घातली: पुन्हा असलं काही कानावर आलं, तर त्या माणूस पाठवून पोर घेऊन जातील, मग रागवायचं नाही. नवरा म्हणाला होता, आई म्हणते ते तुझ्याच भल्याचं आहे.

तपासणीनंतरच्या रविवारी सासूबाईंचा फोन आला. "वहिनी सांगत होत्या, तुमच्या मागे काय ते उतरलंय म्हणे. पोरीला तिकडे नेऊ नकोस हं."

"नाही नेत."

"आणि ते तुझं फिनेल वगैरे?"

"नाही आता."

"शहाणी," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी टिल्लीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. दोरी बांधल्यापासून ऊन नाही, वर्तुळ नाही. त्या दहा दिवसांत मी मोठ्या माणसाशी बोललेली वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. दूधवाल्याला 'उद्या अर्धाच' म्हटलं होतं, ते धरून नऊ झाली.

अकराव्या दिवशी बाई एकट्याच परत आल्या. सेक्रेटरींनी पंपघरामागे सगळ्यांना बोलावलं. आले आम्ही चौघंच: सेक्रेटरी, घड्याळकाका, वहिनी, मी. आणि टिल्ली. वर्तमानपत्रवाल्यांचा उत्साह तोवर ओसरला होता.

आधी त्या काकांशी बोलल्या. त्या संध्याकाळी हवामानखात्याचा फुगा वर होता. सूर्य मावळला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, त्यात तो चमकला आणि वाऱ्याबरोबर लांब क्षितिजाकडे गेला. इथून बघणाऱ्याला तो पंपघरामागे उतरल्यासारखाच दिसणार. "तुमच्या वेळेवरूनच तो सापडला, काका. वीस सेकंदांसकट."

काकांना आनंद व्हावा की वाईट वाटावं ते कळेना. "मग हे?" त्यांनी काठीनं वर्तुळ दाखवलं.

"हे फिनेल आहे. आणि मीठ."

वहिनी खुदकन हसल्या. सेक्रेटरींचा चेहरा पडला, आणि मग त्यांना राग आला. "म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं. काकांना बनवलं. इमारतीची शोभा झाली. मी तक्रार देणार."

"मला बनवलं?" काका म्हणाले. त्यांनी अंगात इस्त्रीचा सदरा घातला होता. "मला कशाला कुणी बनवेल? मी तर एरवी खालीसुद्धा येत नाही."

"थट्टा नसावी," बाई म्हणाल्या. "थट्टा एका दिवसात होते. हे साठेक दिवस ओतलंय, रोज थोडं थोडं." त्या वाकून पट्ट्यावर बोट फिरवायला लागल्या. "सुरुवात दरवेळी इथून, भिंतीच्या बाजूनं. इथे थर जाड आहे. मग उजव्या हातानं, असं फिरत. या वळणावर धार बारीक होते, रोज इथेच. माझा अंदाज, डाव्या हातात काहीतरी वजनदार असायचं आणि इथे ते सावरावं लागायचं." त्या उठून उभ्या राहिल्या. "आणि आतल्या बारा पिशव्यांत काही नाही. साठ दिवसांत आत एक थेंबही पडलेला नाही. इतकं कोण जपतं ते मला कळलेलं नाही. तेवढंच विचारायला आले."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. टिल्ली माझ्या डाव्या हातावर होती आणि नेहमीसारखी मागे कलली, आणि मी तिला सावरलं.

कुणीतरी मला पाहिलं होतं. आधी मातीत पाहिलं होतं, एवढंच. पण वहिनी तीन हातांवर उभ्या होत्या. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट त्याच दिवशी सासूबाईंच्या घरी पोचते.

"तक्रार मी देणारच," सेक्रेटरी म्हणाले.

"मी ओतलं," मी म्हणाले. "मुंग्या येऊ नयेत म्हणून. मी टिल्लीला इथे उन्हात आणत होते. रोज नऊ वाजता."

"तू?" वहिनी म्हणाल्या. "अगं पण मी तर खिडकीत..." आणि तिथेच थांबल्या. त्यांनी स्वतःच्या खिडकीकडे वळून पाहिलं, जणू तिला विचारायचं होतं.

काकांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "मग सांगायचंस की, पोरी. दहा दिवस मी लोकांना पाय दाखवत होतो."

"तिपाईचे आहेत ते. चुकलं माझं, काका."

"तिपाई," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तिपाई," आणि काठी टेकत चालायला लागले. सेक्रेटरी त्यांच्यामागे गेले. वहिनीही गेल्या, जरा घाईनंच.

बाईंनी पिशवीतून माझा कागद काढला. अकराव्या प्रश्नावर बोट ठेवून पेन दिलं. मी 'नाही' खोडून 'हो' लिहिलं.

"अहवालात मी 'रहिवाशाचा वापर' एवढंच लिहीन," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टरांना हे सगळं सांगा. मोकळी हवा होती, बाळाला बहुतेक काही झालं नसेल, तरी एकदा तपासून घ्या. आणि तुमचंही बोला त्यांच्याशी."

"माझं काय?"

"साठ दिवसांचं," त्या म्हणाल्या. टिल्लीच्या तळव्याला एक बोट लावून त्या निघाल्या. फाटकापाशी त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांचं काम झालं होतं.

जिना चढताना वहिनींच्या बंद दारामागून फोनवर बोलल्याचा आवाज येत होता. मी धावतच वर गेले आणि नंबर लावला. लागत नव्हता. टिल्लीला खाली ठेवलं, पुन्हा लावला. पाचव्या वेळी सासूबाईंनी उचलला.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, टिल्ली चार महिन्यांची असतानाचा तोच. "शनिवारी भाच्याला गाडी घेऊन पाठवते. तिचे कपडे भरून ठेव."

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"तिला नाही पाठवणार. डॉक्टरांकडे उद्या जाते, दोघींसाठी. पण ती इथेच राहील." मी फोन दुसऱ्या कानाला धरला. "आई, तुम्ही या. गाडी येणारच आहे तर तुम्ही बसा तिच्यात. मी खोटं बोलले तुमच्याशी, त्याबद्दल इथे येऊन काय बोलायचं ते बोला. इथे कुणी बोलत नाही हो माझ्याशी."

त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता. टिल्लीनं फरशीवर पालथं होऊन एक चमचा पकडला होता, न उकळलेला, आणि तो तोंडात घातला. मी बघत राहिले.

"माझे गुडघे," शेवटी त्या म्हणाल्या. "जिना किती आहे तुमचा? कितवा मजला म्हणालीस?"

आम्ही दीड वर्षापूर्वी इथे आलो. त्या अजून एकदाही आल्या नव्हत्या.

"पहिला," मी म्हणाले. "अठरा पायऱ्या आहेत."

"अठरा. कठडा आहे का?"

"आहे. चढताना उजव्या हाताला."

"बघते," त्या म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.